बेसाल्ट की ग्रॅनाइट: ओळखायचा कसा, लावायचा कुठे

आधी नावांचा घोळ मिटवू. दुकानात ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून मिळणारी काळीभोर लादी बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतेच. सोनेरी टिकल्यांचा ‘ब्लॅक गॅलक्सी’ आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यात, चिमाकुर्तीला निघतो आणि तो गॅब्रो जातीचा खडक आहे. एकसारखा काळा ‘ॲब्सोल्यूट ब्लॅक’ बहुधा डोलेराइट असतो. घडण पाहिली तर हे दोघेही ग्रॅनाइटपेक्षा सह्याद्रीच्या काळ्या दगडाचे, म्हणजे बेसाल्टचे, जवळचे भाऊबंद. पण पॉलिश घेणारा, कडक आणि लिंबाला दाद न देणारा कुठलाही दगड बाजारात ‘ग्रॅनाइट’ याच नावावर खपतो. उलट ओट्याखाली उभा लावतात तो काळा कडप्पा ना बेसाल्ट ना ग्रॅनाइट. तो चुनखडक आहे, लिंबाने त्याचे पॉलिश उडते.

म्हणून रंग आणि दुकानातली पाटी बाजूला ठेवा. दगड हातात घेतला की आधी दोन गोष्टी पाहायच्या: दाणे केवढे आहेत आणि भोके आहेत का. पुढचे बरेचसे निर्णय या दोन गोष्टींवरच होतात.

फरक कशाने पडतो

दोन्ही अग्निजन्य खडक, म्हणजे वितळलेला रस थिजून झालेले. बेसाल्टचा रस जमिनीवर आला आणि झटपट निवला, त्यामुळे स्फटिक वाढायला वेळच मिळाला नाही. ते इतके बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना दगड एकजीव काळा किंवा करडा दिसतो. ग्रॅनाइटचा रस जमिनीखाली काही किलोमीटर खोल अडकून राहिला आणि लाखो वर्षे निवत गेला. त्यात काही मिलिमीटरपासून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतचे दाणे सहज दिसतात.

रसही वेगळे. बेसाल्टमध्ये सिलिका ४५ ते ५२ टक्के, बाकी लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम भरपूर. ग्रॅनाइटमध्ये सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास आणि तिच्यातली बरीचशी सुट्या गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या रूपात. लोखंडामुळे बेसाल्ट जड आणि काळा. गारेमुळे ग्रॅनाइट खरखरीत कडक, आणि त्याला कापणाऱ्या पात्याची धार लवकर जाते.

| | अभंग बेसाल्ट | ग्रॅनाइट |
|---|---|---|
| विशिष्ट गुरुत्व | २.८ ते ३.० | २.६ ते २.७ |
| दाब सोसण्याची ताकद, मेगापास्कल | १०० ते ३०० | १०० ते २५० |
| पाणी शोषण | १ टक्क्याच्या आत | साधारण ०.५ टक्क्याच्या आत |
| मुख्य खनिजे | प्लॅजिओक्लेज, पायरॉक्सीन, थोडे मॅग्नेटाइट | क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक |

ताकदीच्या ओळीवर फार वेळ घालवू नका. घराला जेवढी ताकद लागते त्याच्या कितीतरी पट दोघांकडे आहे. काम बिघडते ते भोकांनी, कुजक्या दाण्यांनी आणि पाण्याने. तक्त्यात ‘अभंग’ हा शब्द मुद्दाम घातला आहे, कारण सगळा बेसाल्ट तसा नसतो.

महाराष्ट्राच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक भागाखाली बेसाल्ट आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून तो बनला. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र होतो, आणि त्या भोकांत पुढे पांढरी-हिरवी खनिजे भरतात. जळगाव, नाशिक, पुणे भागातली प्रसिद्ध झिओलाइट खनिजे तिथलीच. दोन थरांच्या मध्ये कधी कधी लाल मातीचा पट्टा असतो. त्यामुळे एकाच खाणीतून, एकाच दिवशी, दोन वेगळ्या लायकीचे दगड निघतात. खाणीत जाऊन दगड निवडायचा असेल तर उभ्या कड्यावर लाल पट्टा शोधा. त्याच्या लगेच खालचा भोकाळ, ठिपक्यांचा भाग सोडा आणि आणखी खाली जिथे दगड एकरंगी होऊन उभ्या भेगांनी फुटलेला दिसतो, तिथला माल मागा.

ग्रॅनाइट आपल्याकडे राज्याच्या कडांना भेटतो: नांदेडात देगलूरच्या बाजूला, पूर्व विदर्भात आणि थोडा सिंधुदुर्गात. बाकी ठिकाणी तो आहे, पण खाली गाडलेला. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल छिद्र घेतले तेव्हा ९०० मीटरांहून अधिक बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइट जातीचा खडक लागला. बाजारात येतो तो माल कर्नाटक, तेलंगणा, आंध्र, तमिळनाडू आणि राजस्थानातून: इलकलचा लाल, करीमनगरचा ‘टॅन ब्राउन’, जालोरचे गुलाबी-करडे.

घरच्या घरी तपासणी

लागते एवढेच: १० पट मोठे दाखवणारे भिंग, चाकू, दोऱ्याला बांधलेले छोटे पण जोरकस चुंबक, ग्रॅम दाखवणारा टांगता वजनकाटा, बादली आणि व्हिनेगर. दगडाचा नमुना मुठीएवढा आणि ताज्या फोडीचा घ्या. उन्हापावसात पडलेल्या दगडाची तांबूस साल पाहून काहीच कळत नाही. खरा रंग सालीच्या आत असतो.

पहिली पायरी भिंगाची. नमुना ओला करा म्हणजे दाणे उठून दिसतात. ग्रॅनाइटमध्ये तीन गोष्टी वेगळ्या ओळखू येतील: फुटक्या काचेसारखी करडी गार, सपाट चकाकणारा पांढरा किंवा गुलाबी फेल्डस्पार आणि नखाने सुटणाऱ्या अभ्रकाच्या चकत्या. फेल्डस्पार चकाकण्याऐवजी खडूसारखा निस्तेज दिसला तर दगड कुजायला लागला आहे. असा नमुना बोटांनी चोळला की भुगा निघतो. तो कुठल्याच कामाचा नाही, मग नाव काही असो. बेसाल्टमध्ये सगळा पाया एकसारखा काळा दिसेल, क्वचित पांढऱ्या काड्यांसारखे फेल्डस्पार विखुरलेले. काळ्या दगडात सगळे दाणे सुटे दिसत असतील तर तो गॅब्रो किंवा भरड डोलेराइट.

दुसरी आवाजाची. मोकळ्या टांगलेल्या किंवा हातावर तोललेल्या दगडावर हातोडी हलके मारा. खणखणीत वाजला तर आत तडा नाही. भद्द आवाज आला तर तडा, कूज किंवा भोके. पाथरवट याच आवाजावर दगड घेतात किंवा बाजूला सारतात.

तिसरी चुंबकाची. दोऱ्याने लोंबकळणारे चुंबक दगडाजवळ न्या. बेसाल्टमधल्या मॅग्नेटाइटमुळे ते स्पष्ट ओढले जाते, बहुतेक ग्रॅनाइटजवळ ढिम्म हलत नाही. चुंबक हातात धरून हा फरक कळत नाही, दोरा हवाच.

चौथी वजनाची, आणि सगळ्यांत भरवशाची हीच. नमुना काट्याला टांगून कोरडे वजन घ्या. मग तसाच टांगलेला दगड बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, आणि पुन्हा वजन घ्या. कोरड्या वजनाला दोन वजनांतल्या फरकाने भागा, म्हणजे तक्त्यातले विशिष्ट गुरुत्व मिळते. कोरडा १४५० ग्रॅम आणि पाण्यात ९५० ग्रॅम भरला तर १४५० भागिले ५००, म्हणजे २.९: बेसाल्ट किंवा त्याचा भाऊबंद. कोरडा १२०० आणि पाण्यात ७५० भरला तर २.६७: ग्रॅनाइट. काळा, एकजीव दिसणारा दगड २.५ च्या खाली गेला तर त्यात भोके आहेत किंवा तो कुजला आहे. दगडाला चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसून काढा, नाहीतर पाण्यातले वजन कमी भरते आणि उत्तर खोटे येते.

पाचवी पाणी शोषणाची. नमुना दोन दिवस कडक उन्हात वाळवा, वजन करा, २४ तास पाण्यात ठेवा, ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच वजन करा. १५०० चे १५०९ झाले तर ०.६ टक्के. दोन टक्क्यांच्या वर गेलेला दगड पायऱ्या, ओटा आणि चांगल्या काँक्रिटसाठी घेऊ नका.

सहावी पांढऱ्या ठिपक्यांची, ही फक्त बेसाल्टसाठी. चाकूचे टोक ठिपक्यात रोवून पाहा. चाकूने ओरखडा उठला तर झिओलाइट किंवा कॅल्साइट. व्हिनेगरचा थेंब टाकून भिंगातून पाहिल्यावर बारीक बुडबुडे दिसले तर कॅल्साइट. चाकूच घसरला आणि पोलादाची करडी रेघ उमटली तर गारेच्या जातीचा कॅल्सेडोनी. कॅल्सेडोनीचा त्रास खडीच्या भागात येईल, झिओलाइटचा पाट्याच्या भागात.

काही हिरवट-करडे बेसाल्ट या सगळ्या परीक्षा पास होतात आणि तरी दगा देतात. त्यांच्यात फुगणारी चिकणमाती दडलेली असते. खाणीतून काढल्यावर काही आठवड्यांत हवापाण्यानेच त्यांचे तुकडे पडू लागतात. शंका असेल तर पाच-सहा तुकडे रात्री पाण्यात, दिवसा उन्हात, असे १५ दिवस करा. बादलीच्या तळाशी चिखल साचला किंवा तुकड्याला केसासारख्या भेगा पडल्या तर तो माल नको.

खडी

महाराष्ट्रात खडी म्हणजे बेसाल्टची, यात निवडीचा प्रश्न फारसा येत नाही. लांबून ग्रॅनाइटची खडी आणण्यात काही अर्थ नाही. निवड करायची ती चांगल्या आणि वाईट बेसाल्टमध्ये.

खडीच्या ढिगातून वरची नाही, आतली दोन घमेली काढा. भोकाळ आणि ठिपक्यांचे तुकडे वेगळे करा. ते थोडे असतील तर चालतील, पण दर मुठीत दोन-तीन निघत असतील तर खाण थराच्या वरच्या भागात चालू आहे असे समजा. भोकाळ खडी मिश्रणातले पाणी पिते. एका गोणी सिमेंटला १:१.५:३ च्या मिश्रणात साधारण १६० किलो खडी पडते. तिचे शोषण २ टक्के असेल तर कोरडी खडी सव्वातीन लिटर पाणी खाते. गोणीला पाणीच २५ लिटरच्या आसपास असते, त्यामुळे मिश्रण लगेच घट्ट वाटते, मजूर अंदाजाने आणखी बादली ओततो आणि काँक्रिट कच्चे राहते. उपाय सोपा आहे: आदल्या संध्याकाळी ढीग भिजवा आणि सकाळी वरचे पाणी निथळल्यावर वापरा.

कॅल्सेडोनीचे ठिपके असलेली खडी त्याहून वाईट, कारण तिचा त्रास उशिरा दिसतो. सिमेंटमधला अल्कली आणि असली सिलिका यांच्यात ओलीवर वर्षानुवर्षे क्रिया होत राहते, जेल फुगते आणि काँक्रिटला जाळीसारखे तडे जातात. पाण्याची टाकी, पाया, पूल अशा सतत ओल्या कामांना ही खडी घालू नये. ग्रॅनाइटही इथे निर्दोष नाही. भूगर्भातल्या दाबाने पिळवटलेली गार असेल तर हाच प्रकार आणखी संथपणे होतो.

बेसाल्टचा दुसरा दोष म्हणजे तो चपटा फुटतो. २० मिलिमीटरच्या खडीत १२ मिलिमीटरपेक्षा पातळ तुकडा चपटा आणि ३६ पेक्षा लांब तुकडा लांबट. दोन्ही मिळून वजनाने ४० टक्क्यांच्या आत असावेत, ही भारतीय मानकाची मर्यादा. चपटी खडी सळयांच्या जाळीत आडवी अडकते आणि खाली पोकळी राहते. शेवटच्या टप्प्याला व्हीएसआय क्रशर (दगड जोरात आपटून फोडणारे यंत्र) असलेल्या खाणीचा माल गोलसर येतो, तो मागून घ्या.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. बेसाल्टच्या खडीचा ब्रास साधारण सव्वाचार ते साडेचार टन भरतो. ग्रॅनाइटची खडी हलकी. म्हणून टनावर सौदा केला तर बेसाल्टमध्ये आकारमान कमी मिळते. घरकामाला ब्रासवर घेणे बरे, आणि गाडीचा हौदा टेप लावून मोजणे आणखी बरे.

डांबरी रस्त्याला मात्र बेसाल्ट ग्रॅनाइटपेक्षा सरळ सरस. ग्रॅनाइटमधल्या गारेला डांबरापेक्षा पाणी जास्त प्रिय असते, म्हणून पावसात डांबर सुटून खडी उघडी पडते. ग्रॅनाइटच वापरायची वेळ आली तर भुकटीच्या वाट्यात विरलेला चुना किंवा सिमेंट घालतात, किंवा डांबरात चिकटपणा टिकवणारे रसायन मिसळतात. तपासायला २०० ग्रॅम कोरडी खडी ५ टक्के डांबरात घोळवून, निवल्यावर ४० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २४ तास ठेवतात. पाच टक्क्यांहून जास्त पृष्ठभाग उघडा पडला तर नापास.

पाया आणि जोते

इथे डबर बेसाल्टचेच. गडबड होते ती दगडात नाही, बांधणीत. बेसाल्टच्या नैसर्गिक भेगांच्या बाजू गुळगुळीत असतात आणि त्यांवर तांबूस मातकट पापुद्रा असतो. त्याला मसाला धरत नाही. तारेच्या ब्रशने घासून धुवा, किंवा ती बाजू फोडून ताजी काढा. घट्ट दगड पाणी ओढत नाही, म्हणून मसाला विटकामापेक्षा घट्टसर ठेवा, १:५ किंवा १:६. पातळ मसाल्यावर दगड तरंगतो, घसरतो आणि खालून दरज उघडी पडते. भिंतीच्या आरपार जाणारे जोड दगड प्रत्येक थरात दीड ते पावणेदोन मीटर अंतराने घ्या. ते चुकवले तर भिंतीची बाहेरची आणि आतली पाळी स्वतंत्र उभी राहते, आणि काही पावसाळ्यांत बाहेरची पाळी पोट काढते. मधली पोकळी कोरड्या चिपांनी भरणे ही गवंड्यांची आवडती चोरी. चिपा मसाल्यात ठोकून बसवून घ्या. दिवसाला एक मीटरपेक्षा उंच चढू नका.

कोकणात याच कामाला जांभा वापरतात. तोही मूळचा बहुतांशी बेसाल्टच, फक्त पावसाने झिजून लोह-ॲल्युमिनियम मागे उरलेला.

स्वयंपाकघराचा ओटा

ओट्याला साधा सह्याद्रीचा बेसाल्ट लावत नाहीत. मोठी, अखंड, बिनभोकाची लादी त्यातून सहज निघत नाही आणि पॉलिश केल्यावर प्रत्येक भोक खड्डा होऊन दिसते. म्हणून निवड खरा ग्रॅनाइट आणि ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ यांच्यात. आमच्या मते रोजच्या फोडणीच्या, हळदीच्या, तेलाच्या ओट्याला घट्ट काळा दगड बरा. त्याचे दाणे एकमेकांत अडकलेले असतात आणि डाग दिसत नाहीत. फिकट, भरड ग्रॅनाइट सुंदर दिसतो, पण हळद-तेल दाण्यांच्या फटींत उतरते. तो घ्यायचाच असेल तर सीलर लावायची तयारी ठेवा.

दुकानात लादी पाहताना ती उभी ठेवायला सांगा आणि मोबाइलचा टॉर्च अगदी तिरका धरा. राळेने भरलेले खड्डे आणि तडे चमकेत वेगळे दिसतात. काळ्या लादीवर पांढऱ्या कापसाने ॲसिटोन घासा, नेलपॉलिश रिमूव्हर चालतो. कापूस काळा झाला तर दगड रंगवलेला आहे. स्वस्त करडा दगड काळा रंगवून विकणे हा जुना धंदा आहे आणि काही महिन्यांत गॅसजवळचा भाग करडा पडायला लागला की तो उघडा पडतो. त्यानंतर पाण्याचा मोठा थेंब टाकून दहा मिनिटे थांबा. पुसल्यावर खाली ओला गडद डाग उरला तर दगड शोषतो. सगळ्यांत शेवटी लिंबू पिळून पाच मिनिटे ठेवा. चमक गेली तर तो चुनखडक आहे, ग्रॅनाइटच्या भावाने घेऊ नका.

जाडी २० मिलिमीटर सांगतात, हातात अनेकदा १६ ते १८ येते. टेप तिन्ही कडांना लावून पाहा. २० मिलिमीटर ग्रॅनाइटचे वजन चौरस फुटाला सुमारे ५ किलो, काळ्या दगडाचे साडेपाचच्या आसपास. म्हणजे ८ फूट बाय २ फुटांची लादी ८० ते ९० किलो. ती नेहमी उभी उचलायची. आडवी धरली तर स्वतःच्याच वजनाने मधोमध मोडते.

बसवताना तुटतात त्या जागा ठरलेल्या आहेत. शेगडीचे भोक कापताना आधी चारही कोपऱ्यांत १० ते १२ मिलिमीटरची गोल छिद्रे घ्या आणि मग त्यांच्यामध्ये कटर चालवा. कोपऱ्यात कटरच्या दोन रेघा एकमेकींना ओलांडल्या की तिथूनच तडा सुरू होतो, आज नाही तर सहा महिन्यांनी. भोकाच्या पुढे आणि मागे किमान ६० मिलिमीटर पट्टी उरली पाहिजे, आणि त्या पट्टीखाली आधार हवा. मसाला सगळीकडे सलग पसरा. चार ठिपके टाकून लादी ठेवली तर पोकळीवर खलबत्ता आपटताच ती जाते. फिकट ग्रॅनाइटखाली पांढरे सिमेंट वापरा, कारण करड्या सिमेंटचे पाणी वर चढून कायमचे काळपट ढग उमटतात. भिंतीशी २ ते ३ मिलिमीटर फट सोडून सिलिकॉन भरा. बाहेर लोंबणारी कड १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर खाली कंस द्या.

तापलेला तवा दोन्ही दगड सोसतात असे म्हणतात. एखाद्या वेळी सोसतातही. पण गार ५७३ अंशांना स्फटिकाची ठेवण बदलते आणि अचानक फुगते. तेवढ्या तापमानापर्यंत तवा जात नाही, कोळशाची शेगडी किंवा चूल मात्र जाते. म्हणून ग्रॅनाइटवर थेट निखाऱ्याची शेगडी कधीच नको. तव्याने धोका आहे तो शेगडीच्या भोकाजवळच्या अरुंद पट्टीला, कारण ती एका बाजूने तापते आणि दुसऱ्या बाजूने गार राहते. बेसाल्टमध्ये सुटी गार जवळजवळ नसते, तापल्यावर तो फुगतोही कमी, म्हणून चुलीचे दगड परंपरेने काळेच. त्यातही ओढ्यातला भिजलेला किंवा भोकाळ दगड चुलीला लावू नका. आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो.

साफसफाईला साधे साबणपाणी पुरते. गंज काढायच्या काही द्रावांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते, ते दोन्ही दगडांचे पॉलिश खाते आणि हातही भाजते. फरशी बसवल्यावर सिमेंटचे डाग काढायला ॲसिड मारायची सवय मिस्त्रींना असते. त्याने ग्रॅनाइटमधले लोह सुटून पिवळे डाग उमटतात, मग ते निघत नाहीत.

कापण्याबद्दल एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. ग्रॅनाइटची धूळ म्हणजे बरीचशी गारेची धूळ आणि ती फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो. घरात कोरडा कटर चालवू देऊ नका. पात्यावर पाण्याची धार आणि तोंडाला एन-९५ मास्क हवा, नुसता रुमाल नको. बेसाल्टच्या धुळीत सुटी गार फार कमी, पण पाणी तिथेही वापरायचेच.

पायऱ्या आणि अंगण

बाहेर पॉलिश दोघांचेही नको, पावसात घसरगुंडी होते. ग्रॅनाइटला फ्लेम फिनिश करता येते: ज्वाळेने वरची गार तडकून पृष्ठभाग खरखरीत होतो. बेसाल्टला ज्वाळा नीट लागू पडत नाही, त्याला बुश हॅमर (दातेरी हातोडा) किंवा टाकीची, म्हणजे छिन्नीची, टिपणी. बेसाल्टच्या पायऱ्या वर्षानुवर्षांच्या पावलांनी आरशासारख्या होतात, हे कुठल्याही जुन्या घाटावर दिसते, त्यामुळे दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा टिपून घ्याव्या लागतात. आणि काळा दगड उन्हात तापतो. अनवाणी वावर असलेल्या देवळाच्या किंवा तुळशीवृंदावनाच्या अंगणाला करडा ग्रॅनाइट सुखाचा.

पाटा, वरवंटा, खलबत्ता

इथे बेसाल्टची बरोबरी फक्त फार बारीक दाण्याचा ग्रॅनाइट करू शकतो. दक्षिणेत ग्रॅनाइटचे पाटे आणि रगडे पिढ्यान्‌पिढ्या चालले आहेत. भरड ग्रॅनाइटचा त्रास हा की अभ्रक आणि फेल्डस्पार आधी झिजतात, गारेचे दाणे सैल होतात आणि चटणीत कचकच लागते. जात्याला मात्र किंचित बारीक भोकांचा, पण भोके रिकामी असलेला बेसाल्ट चांगला, कारण झिजताना नव्या भोकांच्या कडा उघड्या पडून धार टिकते. पांढरे ठिपके भरलेला दगड दोन्हीला नको. मऊ झिओलाइट सुटून पिठात येतात.

विकत घेताना तळाला नखाने ओरखडा काढून पाहा. नखाने ओरखडला तर तो शंखजिरे, चाकूने सहज पावडर निघाली तर सिमेंटची नक्कल. हातोडीच्या मुठीने ठोकून आवाज घ्या. ओल्या फडक्याने पुसा: फडके काळे झाले तर वरून काजळी किंवा तेल फासले आहे.

नवा पाटा तयार करायची रीत अशी. ताठ ब्रशने नुसत्या पाण्याने घासा, साबण नको. मूठभर जाडा तांदूळ भिजवून सगळ्या पृष्ठभागावर वाटा. पीठ करडे निघेल, ते टाका. पुन्हा तांदूळ, पुन्हा टाका. पीठ पांढरेशुभ्र निघेपर्यंत, साधारण चार-पाच वेळा. मग खडे मीठ आणि लसूण वाटून तासभर तसेच ठेवा, धुवा, उन्हात वाळवा. पहिली खायची चटणी त्यानंतर.

रोज वापरला तर वर्षा-दोन वर्षांत पाटा गुळगुळीत होतो आणि मिरची वाटली न जाता घसरते. तेव्हा टाकी लावून घ्यायची. टोकदार टाकीने दोन-तीन मिलिमीटर खोल ठिपके, एकमेकांपासून साधारण पाच मिलिमीटरवर, कडेपासून बोटभर जागा सोडून. कडेवर टाकी मारली तर कपचा उडतो. वरवंट्यालाही हलके टिपून घ्या, नाहीतर एकच बाजू काम करते. टाकी लावताना समोर बसू नका, चिपा डोळ्यांकडेच उडतात. आणि लावून झाल्यावर पुन्हा तांदूळ वाटायचे, पीठ पांढरे निघेपर्यंत.